‘जुनेच वायसर टाका, काही होत नाही’

गेले अकरा दिवस माझ्या पिकअपने रोज पहाटे माझा जीव नकोसा केला होता, आणि या सगळ्या छळाच्या मुळाशी दहा रुपयांच्या नाण्याहूनही लहान असा एक तांब्याचा वायसर, म्हणजे बोल्टाखाली बसणारी चपटी चकती (वॉशर), होता हे कळल्यापासून माझा संताप निवण्याऐवजी वाढलाच आहे.

मी काय केले ते आधी सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखे काही नाही. डिझेल फिल्टरची मुदत संपली होती म्हणून तो बदलला, टाकीकडून फिल्टरकडे येणारी रबरी नळी तडकली होती म्हणून तीही बदलली, आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी चारही नोझल उतरवून दाब तपासून आणले व बुडाशी तांब्याचे नवे वायसर टाकून परत बसवले. फिल्टरवरचा डिझेल भरायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून नळीतली हवा काढली. गाडी सुरू झाली, अर्धा तास नीट चालली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता चाळीस क्रेट टोमॅटो भरून नारायणगावच्या बाजाराला निघायचे तर सेल्फ मारून मारून बॅटरी बसत आली तरी इंजिन नुसता पांढरा धूर ओकत राहिले. कसेबसे सुरू झाले तर आयडलिंगला लंगडायचे, ॲक्सिलरेटरला पाय न लावता रेस आपोआप वरखाली व्हायची, आणि चढाला लागले की दम तोडायचे. बाजारात उशिरा पोहोचलेल्या मालाचे काय होते, हे टोमॅटो लावणाऱ्याला सांगायला नको.

मग सुरू झाले सल्ले. पहिल्या मिस्त्रीने बॉनेटमध्ये नीट डोकावण्याआधीच विचारले, “घरी हात कशाला घातला?” आणि लगेच निकाल दिला की नोझलना डिझेल पुरवणारा पंप उतरवावा लागेल, बावीस हजार धरून चाला. दुसऱ्याने नोझल चुकीचे बसल्याचे छातीठोकपणे सांगितले. एकानेही पाना हातात घेतला नाही. स्वतःच्या गाडीला स्वतः हात लावला म्हणजे पुढच्या प्रत्येक बिघाडाचा गुन्हेगार आधीच ठरला, तपास करण्याची गरजच उरली नाही, ही जी वृत्ती आहे तिची मला मनापासून चीड येते. घरी काम करणारा माणूस हौसेने करत नाही. गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवली तर शेतातला तोडलेला माल कुजतो म्हणून करतो.

शेवटी मीच शोध घेतला. इंजिन चालू ठेवून सतराच्या पान्याने एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून पाहिला. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नसतो, हे साधे गणित आहे. इथे चारही नटांना इंजिन सारखेच खाली बसले, म्हणजे एकटा सिलिंडर किंवा एकटे नोझल दोषी नव्हते. दोष चौघांच्याही आधी, डिझेलच्या वाटेवर होता. मग पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडली आणि पाहतो तर काय, सोनेरी डिझेलमधून साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पंपाकडे चालले होते. ते पाहून आनंद नाही झाला, अंगाचा तिळपापड झाला. इतके सोपे पाहणे होते, आणि ते करायला कुणालाही पाच मिनिटे नव्हती!

माझ्या गाडीत आहे त्या जातीच्या डिझेल पंपात टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप त्याच्या पोटातच असतो, त्यामुळे खाली चासीला लटकलेल्या टाकीपासून पंपापर्यंतची सगळी वाट ओढीखाली असते, म्हणजे तिथे डिझेल ढकलले जात नाही, शोषले जाते. त्या वाटेवरचा जोड सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत शिरते. जोड ठणठणीत कोरडा दिसतो आणि माणूस फसतो. हातपंप दाबला तर फिल्टरच्या पुढचा जोड पाझरून दोष दाखवतो, पण मागचा, टाकीकडून येणारा जोड तेव्हाही कोरडाच राहतो. हवेमुळे पंपाच्या आतला दाब पडतो, त्या दाबावर चालणारे टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ, मागे सरकते, आणि म्हणून तो पांढरा धूर. रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे उतरते, म्हणून पहाटेचा तो सेल्फचा आकांत. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे या पंपाला वंगण डिझेलचेच असते. हवा खात चालवलेला प्रत्येक किलोमीटर पंप आतून झिजवत असतो, म्हणजे तो बावीस हजारांचा खर्च खरोखरच ओढवला असता.

दोष निघाला फिल्टरच्या डोक्यावर येणाऱ्या नळीच्या बोल्टाखाली. तांबे एकदा आवळले की दबते, कडक होते, त्यावर कड उमटते. तोच वायसर पुन्हा टाकला तर तो नीट बसत नाही. फिल्टर विकत घेताना मी दुकानदाराला वायसर मागितले होते. त्याने मान वर न करता सांगितले, “जुनेच टाका भाऊ, काही होत नाही.” फिल्टरच्या खोक्यात वायसर नव्हते, आणि खोक्यावरही त्यांच्याबद्दल एक अक्षर छापलेले नव्हते. ज्या व्हिडिओत ‘दहा मिनिटांत घरच्या घरी’ म्हणून हे काम दाखवले होते, त्यात बोल्ट खोलल्यानंतरचे पुढचे दृश्य थेट गाडी सुरू झाल्याचे होते. कामातला नेमका जो भाग चुकतो तोच सगळ्यांनी गाळायचा आणि नुकसान झाले की करणाऱ्याच्या अडाणीपणावर बोट ठेवायचे, हा उघड अन्याय आहे.

काल चाळीस रुपयांत चार नवे वायसर आणले आणि फिल्टरच्या दोन्ही जोडांना टाकले. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा राहिला नाही, आणि आज पहाटे इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले. काल दुकानात असतानाच एक पोरगा तोच फिल्टर घ्यायला आला होता आणि त्यालाही तेच, त्याच सुरात सांगितले जात होते. मी खिशातला चेपलेला वायसर काउंटरवर ठेवला आणि त्या पोराला म्हणालो, फिल्टर नंतर घे, आधी नवे वायसर माग, आणि ते हातात पडेपर्यंत पैसे देऊ नकोस.