बाळ पिवळं नाही, लेन्स पिवळी आहे

बहिणीच्या बाळाचं बारसं आमच्या घरी होतं, म्हणून फोटोग्राफर अर्थातच मी, फुकटातला. आणि ऐन बारशात माझा कॅमेरा बाहेर, जिन्यातल्या चपलांच्या स्टँडवर. माझ्याच घरात! मुलीकडचे असलो की तोंड मिटून बसायचं असतं, म्हणून तिथे बोललो नाही. इथे बोलतो.

कॅमेऱ्याला सुपर-ताकुमार ही जुनी लेन्स लावली होती. 50 एमएम, एफ 1.4, जपानच्या असाहीची, 1960 च्या दशकातली, सात भिंगांची. त्या काळी चांगल्या भिंगाच्या काचेत थोरियम या किरणोत्सर्गी धातूचं ऑक्साइड घालायचे. त्याने काच प्रकाशाला जास्त वळवते आणि तरीही रंग फारसे फाकत नाहीत. पुढे लँथॅनम या दुसऱ्या धातूवर भागू लागलं आणि थोरियम मागे पडलं. पण जी काच बनली ती बनली. स्वतःच्याच किरणोत्सर्गाने ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते आणि फोटोला चहाची झाक येते. मला ती आवडते. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंग जुळवायच्या सोयीने, ती घालवता येते, मी मुद्दाम घालवत नाही.

पाळण्यातल्या बाळाचा फोटो काढला आणि मागून विहीणबाई स्क्रीनवर डोकावल्या. "अगं बाई, कावीळ!"

पाळण्याभोवतीच्या बायका गप्प झाल्या. बहिणीचा चेहरा उतरला. मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो, बाळ पिवळं नाही, लेन्स पिवळी आहे. काचेत थोरियम आहे ना, म्हणून."

सोफ्यावर अण्णामामा घुगऱ्या खात होते. जावयांचे मामा, बँकेतून निवृत्त. चमचा वाटीतच थांबला.

"थोरियम? ते अणुबॉम्बवालं?"

"नाही अण्णा, ते युरेनियम, प्लुटोनियम."

"म्हणजे त्याच खानदानातलं."

"किरणं अगदी क्षीण असतात हो. बहुतेक अल्फा. साधा कागदसुद्धा अडवतो."

"मग कागद कुठे लावलाय?"

आता याला काय सांगणार! थोडे आरपार जाणारे गॅमा किरणही असतात, पण थोरियमचं भिंग मागच्या बाजूला, त्याच्यामागे कॅमेऱ्याचा धातू, आणि बाळ पुढे हातभर लांब. लेन्स उशाखाली घेऊन झोपू नये, काच फोडून तिची पूड हुंगू नये, एवढं पाळलं की झालं. हे मी सांगितलं. अण्णांनी त्यातला 'हुंगू नये' एवढाच भाग उचलला आणि विहीणबाईंनी बाळाच्या नाकावर पदर धरला.

"बरं, हे निष्क्रिय कधी होणार?"

"निम्मं व्हायलाच 1400 कोटी वर्षं लागतात." इतकं सावकाश विघटन, म्हणजे दर क्षणाला फारच थोडी किरणं. विश्वाचं वयसुद्धा 1380 कोटी वर्षं आहे, हेही मी उत्साहाने जोडलं.

आयुष्यभर व्याज मोजलेला माणूस उठून उभा राहिला. "ऐकलंत सगळ्यांनी? 1400 कोटी वर्षं! आणि तेही निम्मंच!"

मग गंमत पाहा. कॅमेरा बाहेर गेल्यावर अण्णांची गाडी बालपणावर घसरली. त्यांच्या गावी गणपतीत गॅसबत्ती पेटवायचा मान त्यांचा. मँटल, म्हणजे बत्तीतली कापडी जाळी, हाताने बांधायचं, दोऱ्याची गाठ दाताने आवळायची, जुनं झालं की फुंकर मारून राख उडवायची. मी म्हटलं, "अण्णा, ती मँटलं थोरियमच्या क्षारात भिजवलेली असायची. जळून उरायचं आणि लख्ख उजेड द्यायचं ते थोरियम ऑक्साइडच. हेच, माझ्या लेन्समधलं."

अण्णा शांतपणे म्हणाले, "ते वेगळं. तेव्हा सगळं शुद्ध असायचं."

आईने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारले. मी मठ्ठ्याचे ग्लास भरायला घेतले.

बहिणीच्या लग्नात भाड्याने आणलेल्या फोटोग्राफरने भटजींच्या डोक्यावरून ड्रोन फिरवला होता. अक्षता उडाल्या, मंगलाष्टकं ऐकू येईनात. त्याला याच अण्णांनी आग्रह करकरून आइस्क्रीम खायला घातलं. पैसे घेतो ना तो! घरच्याने फुकट काढले की फोटोत खोट, लेन्समध्ये खोट, खानदानात खोट. शिवाय जेवायला सगळ्यांत शेवटी, मसालेभात खरवडून.

आणि आत्याने पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, बाळ दचकून हसलं. तो क्षण कोणी टिपला? अण्णांनी. मोबाइलवर. अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा आहे, उरलेल्या अर्ध्यात आत्याची पाठ. ग्रुपवर सत्तेचाळीस जणांनी हात जोडले.

या सगळ्यात लेन्सच्या खऱ्या शत्रूबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आपल्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते आणि बाहेर जिन्यात वाळत घातलेल्या छत्र्यांशेजारी ती लेन्स दोन तास पडून होती.

पिवळेपणा घालवता येतो. मागे चकचकीत फॉइल लावून लेन्स महिनाभर उन्हात ठेवायची, अतिनील किरणांनी काच निवळते. नवजात बाळाच्या काविळीलाही निळ्या दिव्याखालीच ठेवतात, हे मी विहीणबाईंना सांगणार होतो, पण कावीळ हा शब्द पुन्हा उच्चारायची छाती झाली नाही. सध्या ऊन नाही आणि घरातलं फॉइल पोळ्यांना लागतं. म्हणून काल अतिनील दिवा मागवला. खोकं उघडताना आई मागे येऊन उभी राहिली.

"आणि आता यातून काय निघतं?"

मी म्हटलं, "उजेड."

"अण्णांना फोन करून विचारू का?"