लॉनी जॉन्सन जॅझमध्ये पाहुणा नव्हता

नमस्कार. प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की, अमेरिकन गिटारवादक लॉनी जॉन्सन मुळात ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची दुःख-विरहाची गाणी, गाणारा गायक, जॅझच्या चार-दोन तबकड्यांत तो पाहुणा म्हणून वाजवून गेला. आणि १९४८ मध्ये ‘टुमॉरो नाइट’सारखं गोडगोड प्रेमगीत गाऊन त्याने ब्लूजशीही बेइमानी केली. दोन्ही मला पटत नाही.

न्यू ऑर्लिन्समधल्या वाजवणाऱ्या घरातला हा मुलगा. घरच्या बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात कलाकारांच्या एका ताफ्याबरोबर लंडनला गेला आणि परतला तेव्हा इन्फ्लुएन्झाच्या साथीने जवळजवळ सगळं घर नेलं होतं. एक भाऊ तेवढा उरला होता. मग सेंट लुइस, आणि मिसिसिपीवरच्या बोटींवरचे जॅझ बँड. १९२५ मध्ये तिथल्या ब्लूज स्पर्धेत तो जिंकला, त्यातून ओके या तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा करार मिळाला. तबकडी निघायला दुसरा रस्ता नव्हता म्हणून ब्लूज गायलो, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या कंपन्या वेगळ्या मालिकेत काढत आणि तिथे ब्लूज खपत होता. शिक्का बसला तो असा.

आता पाहुणेपणाचं. तेव्हा बँडमध्ये गिटारचं काम म्हणजे मुख्यतः कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) धरून ताल सांभाळणं. जॉन्सन एकेका तारेवर, एकेक सूर काढत, व्हायोलिनसारखी लांब ओळ बांधायचा. डिसेंबर १९२७ मध्ये शिकागोत ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडबरोबर केलेलं ‘हॉटर दॅन दॅट’ ऐका. मधे बाकीची वाद्यं थांबतात, आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय नुसत्या बोलांत गातो आणि गिटार त्याला उत्तर देते. अस्सल सवाल-जवाब! आर्मस्ट्राँगसमोर उभं राहून त्याच तोलाचं उत्तर देणाऱ्याला पाहुणा कसं म्हणायचं? पुढच्याच वर्षी जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनने त्याला ‘द मूच’ या रचनेच्या तबकडीसाठी घेतलं.

गिटारवादक एडी लँगबरोबरची १९२८-२९ मधली युगलवादनं तर मी पुन्हा पुन्हा ऐकतो. लँग गोरा आणि तबकड्या कृष्णवर्णीयांच्या मालिकेतल्या, म्हणून तबकडीवर त्याचं नाव ‘ब्लाइंड विली डन’ असं छापलं गेलं. लँग खाली कॉर्डची भक्कम बैठक देतो, वर जॉन्सन मोकळा सुटतो. जॅझमध्ये गिटारचा एकल आवाज घडवणाऱ्यांत हे दोघे अगदी पुढे आहेत.

राहिलं ‘टुमॉरो नाइट’. १९३०च्या दशकातल्या मंदीत रेकॉर्डिंग थांबलं तेव्हा या माणसाने पोलाद कारखान्यात मजुरी केली होती. पन्नाशीच्या आसपास त्याला सर्वांत मोठं यश मिळालं. ते गाणं ‘रेस रेकॉर्ड्स’च्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांच्या, लोकप्रियता-यादीत सात आठवडे पहिलं होतं. मला स्वतःला त्याची विशीतिशीतली गिटार जास्त भिडते. पण प्रेमगीतं हा त्याच्या आवडीचाच भाग होता, आणि तो कापून टाकायचा हक्क ऐकणाऱ्यांना नाही. १९५०च्या दशकाअखेर तो फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात साफसफाईचं काम करत होता. १९५९ मध्ये रेडिओवर जॅझचे कार्यक्रम करणाऱ्या ख्रिस अल्बर्टसनने त्याला शोधून पुन्हा स्टुडिओत आणलं. तेव्हाही नव्या रसिकांना हवा होता तो फक्त जुना ब्लूज. याला मात्र प्रेमगीतंही गायची होती.

१९६० मध्ये गिटारवादक एल्मर स्नोडनबरोबर केलेल्या तबकडीचं नावच ‘ब्लूज अँड बॅलड्स’ आहे. ती सलग ऐका आणि तुमचं मत जरूर लिहा.