आजी-आजोबा, तंबू आणि रोपवेचा वाद

राजगडावर रोपवे हवा की नको, हा वाद दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर येऊन आदळतो. गडप्रेमी म्हणतात, रोपवे आला की वर टपऱ्या येणार, कचरा येणार, गडाचा गडपणा जाणार. समोरून एक हुकमी वाक्य येतं, "मग म्हाताऱ्या माणसांनी गड बघायचाच नाही का?" त्यापुढे सगळे गप्प. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात राजगडही आहे, आणि आवाज आणखी चढला.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचंय, नातवंडांनी तंबूचा हट्ट धरलाय. सत्तरीतल्या माणसांना झेपेल का? झेपतं. पण तयारी करताना एक गोष्ट लख्ख कळते आणि ती रोपवेच्या भांडणात कुणी बोलत नाही. ज्येष्ठांची सहल चढावर अडत नाही, ती रात्री दोन वाजता अडते.

आधी रस्ता. लास व्हेगासहून युटा राज्यातली राष्ट्रीय उद्यानं, आधी झायन (अडीच-तीन तास), तिथून ब्राइस (दोन तास), मग मोआब गावाजवळचे आर्चेस आणि कॅन्यनलँड्स, आणि शेवटी ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ. हा क्रम मुद्दाम असा. झायनचं खोरं साधारण १२०० मीटरवर आहे आणि ब्राइसचा तंबू २४०० मीटरवर. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ब्राइसला आपण कळसूबाईच्याही जवळपास साडेसातशे मीटर वर झोपतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला पहिल्याच रात्री तिथे नेलं तर डोकं दुखतं, झोप लागत नाही, आणि सगळा दोष बिचाऱ्या तंबूला जातो. झायनला दोन रात्री काढून वर जावं. थंडीचाही अंदाज चुकतो. वाळवंट म्हणून सुती कपडे भरले जातात आणि ब्राइसला मेच्या मध्यातही पहाटे पारा शून्याजवळ असतो. आजोबांची कानटोपी विमानात हसण्यावारी गेली असेल, इथे ती सगळ्यांना हवी असते.

एप्रिलअखेर ते मेचा मध्य किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य, हेच दिवस धरावेत. जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथेही पावसाळा असतो. डोक्यावर निरभ्र आकाश आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला वीस-तीस किलोमीटरवर ढगफुटी, असं झालं की अरुंद घळीत मिनिटांत लोंढा येतो, कारण खडक पाणी शोषतच नाही. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं, तो प्रकार याच जातीचा. कोरड्या ओढ्याच्या मऊ वाळूत तंबू ठोकायचा मोह म्हणूनच टाळायचा.

तंबूची जागा बहुतेक ठिकाणी सहा महिने आधी आरक्षणाला खुली होते आणि चांगल्या जागा काही मिनिटांत जातात. पाहुण्यांच्या व्हिसावरचा मुक्काम बहुधा सहाच महिन्यांचा असतो, म्हणजे हिशोब असा, की आई-बाबांचं विमानाचं तिकीट नंतर आणि तंबूची जागा आधी. आरक्षण करताना कॅम्पग्राउंडचा नकाशा उघडून शौचालय शोधायचं. तीस ते पन्नास पावलांवरची जागा घ्यायची. अगदी लगतची नको, रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. वाटेत पायऱ्या किंवा दगडांची रांग नको. घोरण्याच्या आजारासाठी रात्री सीपॅप मशीन लागत असेल तर झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडचा ए किंवा बी भाग बघावा, तिथे विजेची जोडणी मिळते. जनरेटर तिथे चालत नाही.

शौचालयावर एवढं लिहिणं कुणाला किरकोळ वाटेल, पण सगळी गोम तिथेच आहे. रात्री अंधारात उठावं लागू नये म्हणून आजी संध्याकाळी चारनंतर पाणीच पीत नाहीत. सांगतही नाहीत. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडतो, त्यामुळे पाणी किती गेलं ते कळत नाही. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारी काठावर उभं असताना चक्कर येते. लोक म्हणतात ऊन लागलं. खरं कारण आदल्या रात्रीचं असतं. म्हणून तंबूच्या आतच एका कोपऱ्यात पडदा लावून घडीचा कमोड ठेवावा, त्यात पाणी शोषणारी भुकटी असलेली पिशवी लावावी. प्रत्येकाच्या उशाशी डोक्याला बांधायचा दिवा. खड्ड्याच्या शौचालयात नळ नसतो, त्यामुळे जुनं टमरेल किंवा भोकाच्या झाकणाची बाटली सोबत हवीच, आणि ती आपणच आठवणीने द्यायची, त्यांना मागायला लावायची नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरावं. आर्चेसमध्ये पाणी प्रवेशाजवळच्या माहिती केंद्रात आणि आत टोकाला असलेल्या डेव्हिल्स गार्डनला मिळतं, मधल्या तीसेक किलोमीटरमध्ये नाही.

झोपायचं म्हणजे जमिनीवर नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसणं जमतं, उठणं जमत नाही. घडीची खाट घ्यावी, बसल्यावर पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीची, आणि तंबू उभं राहता येईल असा. हवेची गादी विकत घेणारे हमखास फसतात. आतली हवा रात्री गार पडते आणि पाठ खालून गोठते. खाटेवर फोमची पट्टी आणि तिच्यावर घरची गोधडी, याला तोड नाही. पायाकडे निमुळती होणारी झोपायची पिशवी वयस्कर माणसांना कोंडल्यासारखी वाटते. चेन पूर्ण उघडून तिची रजई करावी. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत आणि वसंतातला वारा दुपारी तंबू उचलून नेतो, म्हणून कापडी पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोरी बांधून त्या पुरायच्या.

औषधांत इन्सुलिनची काळजी सर्वांत जास्त. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण ३० अंशांपर्यंत टिकतं, पण बंद गाडी तासाभरात त्याच्या कितीतरी वर जाते. उलटं ब्राइसच्या रात्री ते गोठू शकतं आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. दिवसा शीतपेटीत, पण थेट बर्फाला न टेकवता रुमालात गुंडाळून, आणि रात्री रजईत. विमा घेताना ठरावीक रकमा देणारी स्वस्त पॉलिसी टाळावी, इथल्या इस्पितळाच्या बिलापुढे ती पुरत नाही. जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास त्यात धरलाय का, आणि सत्तरीनंतर कमाल रक्कम किती खाली येते, ही दोन कलमं वाचावीत. या भागात मोठं इस्पितळ दूर असतं आणि हेलिकॉप्टर यावं लागलं तर तो खर्च वेगळाच.

ब्राइसच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कणी राहते. तीन लिटरचा कुकर न्यावा, एक-दोन शिट्ट्या जास्त. दोन शेगड्यांच्या स्टोव्हला तिन्ही बाजूंनी आडोसा नसेल तर निम्मा गॅस वाऱ्याला जातो. डाळ सकाळीच भिजवली किंवा सरळ मुगाची घेतली की प्रश्न मिटतो. थंडी कितीही असली तरी स्टोव्ह तंबूच्या आत न्यायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

एवढं सांभाळलं की दिवस सोपे असतात, आणि इथे इथल्या बांधणीला दाद द्यावी लागते. झायनमध्ये २००० सालापासून खोऱ्यात शटल बस आहे, ती चालू असते त्या दिवसांत खासगी गाड्यांना आत रस्ता बंद. शेवटच्या थांब्यापासून नदीकाठची वाट सुरू होते आणि तिचा पहिला सहाशे-सातशे मीटरचा भाग चाकाच्या खुर्चीलाही जमतो. ब्राइसला सनसेट ते सनराइज पॉइंट हा अर्ध्या मैलाचा डांबरी रस्ता थेट कड्यावरून जातो. आर्चेसला डेलिकेट आर्च या दगडी कमानीपर्यंतची वाट जाऊन-येऊन तीन मैलांची आणि चढाची, पण ती लांबून दाखवणारी जागा गाडीतळापासून शंभर यार्डांवर. ग्रँड कॅन्यनच्या काठावरची वाट तेरा मैलांची. तिच्या एका भागावर पृथ्वीचा इतिहास पावलांत मांडलाय, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आजोबा दर दहा पावलांना थांबून वाचतात आणि दम लागल्याचं कुणाला कळत नाही.

हे बघून "शिका जरा अमेरिकेकडून" असा निरोप घरच्या ग्रुपवर टाकायची घाई होते. ती चूक आहे. कॅन्यन हा उलटा गड आहे. गडावर कष्ट आधी, दृश्य नंतर. कॅन्यनला गाडी थेट दृश्यापाशी लागते आणि कष्ट हवे असतील तर खाली उतरायचं. म्हणूनच कॅन्यन फसवा. गडावर दमलेला माणूस अर्ध्यातून वळतो आणि उतार लागतो. इथे ताजातवाना माणूस उतरत जातो, दर तीनशे मीटरला तापमान तीनेक अंशांनी चढतं, आणि सगळा चढ दमल्यावर, भर दुपारी वाट्याला येतो. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ वर यायला धरायचा. आजी-आजोबांनी एकही पाऊल खाली टाकलं नाही तरी त्यांचं काही राहत नाही. राजगडाच्या पायथ्याशी बसून मात्र राजगड बघितला असं होत नाही. तेव्हा "इथे रोपवे नाही, मग तिथे कशाला" हा युक्तिवाद गडप्रेमींनी करू नये.

तरी रोपवेचा प्रस्ताव इथेही आला होता. ग्रँड कॅन्यनच्या पूर्वेला नवाहो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवरून थेट तळापर्यंत, जिथे कोलोरॅडो आणि छोटी कोलोरॅडो या नद्या मिळतात तिथे. ती जागा तिथल्यांच्या श्रद्धेची. ऑक्टोबर २०१७ मध्ये नवाहो परिषदेने तो १६ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. नाही म्हणणाऱ्यांना म्हाताऱ्यांचा द्वेष नव्हता, एवढं त्या हुकमी वाक्याच्या मालकांनी लक्षात घ्यावं.

आपल्याकडे प्रयोग झालेच नाहीत असंही नाही. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, सप्तशृंगगडावर २०१८ पासून रुळांवरची ट्रॉली. सिंहगडावर मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या, तो प्रयोग महिनाभरही टिकला नाही. झायनची बस टिकली याचं श्रेय एकट्या शिस्तीला देता येत नाही. तिथला रस्ता सपाट, गाडीतळ बाहेरच्या गावात, आणि गावातून प्रवेशापर्यंत आणणारी दुसरी बस. सिंहगडाचा घाट अरुंद आणि उभा. तिथे गाड्या कुठे थांबणार ते आधी ठरवायला हवं होतं. उलट सिंहगडावर दमलेल्या आजींना कुणी हाताला धरून बसवतं, ताक पुढे करतं, पिठलं-भाकरी देतं. कॅन्यनच्या काठावर बाकडं आहे, माणूस नाही. आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो इथे पाहुणा कमी आणि सामान जास्त.

एक फोडणी तिकिटाची. वेरूळला भारतीयांना ४० रुपये आणि परदेश्यांना ६००, हा भेदभाव इथल्या मराठी मंडळींना फार खुपायचा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेनेही तेच केलं. वार्षिक पास रहिवाशांना ८० डॉलर, बाहेरच्यांना २५०. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून अकरा पार्कांत वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जास्त. ज्येष्ठांचा स्वस्त पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना, तेव्हा बाबा पंच्याहत्तरीचे असले तरी उपयोग नाही. गाडीत कोण कोण आहे त्यावर नेमकं काय लागेल ते निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर बघावं, फाटकावर हुज्जत नको. गंमत अशी, की ओसीआय कार्डवाला (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा) मुलगा वेरूळला ४० रुपयांतच आत जातो.

राजगडाच्या रोपवेचा आराखडा कुणी पुढे ठेवला, तर खांब किती उंच आणि डबा किती माणसांचा ही पानं मागाहून बघता येतील. पद्मावती माचीवर शौचालयं किती, त्यांना पाणी कुठून, सावलीतलं पहिलं बाकडं उतरल्यापासून किती पावलांवर, आणि शेवटचा डबा चुकला तर सत्तरीतल्या माणसाने रात्र कुठे काढायची, ही पानं आहेत का ते आधी विचारावं.