जोर लावा, पण कुठे?

दिवाळीच्या आधी भिंतीला रंग द्यायचा म्हटलं की कोपऱ्यातलं लोखंडी कपाट सरकवावं लागतं. आणि ते सरकवायला चार माणसं जमली की त्यांत एक आत्या असतेच. ती हात लावत नाही. दारात उभी राहून म्हणते, “अरे, जोर लावा!”

माझी तक्रार आत्याबद्दल नाही, सूचनेबद्दल आहे. ती अर्धीच आहे. साखर दोन किलो, दूध अर्धा लिटर, एवढं सांगून भागतं, कारण या अदिश राशी. बळ, वेग, विस्थापन यांना मात्र ‘किती’बरोबर ‘कुठे’ही लागतं. या सदिश राशी, म्हणजेच व्हेक्टर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘वाहून नेणारा’, म्हणून मलेरिया वाहून नेणारा डासही व्हेक्टरच. दोघांपैकी जास्त झोप कोण उडवतं, ते अकरावीच्या पोरांना विचारा.

समजा, कपाट 80 किलोचं आहे आणि फरशीशी घर्षणांक, म्हणजे वजनाच्या किती पट घर्षण अडवतं तो आकडा, 0.3. म्हणजे ते हलवायला 80 × 9.8 (गुरुत्वत्वरण) × 0.3, साधारण 235 न्यूटन (हे बळाचं एकक) बळ हवं. काका समोरून 200 न्यूटनने ओढतात, पुतण्या बाजूने, भिंतीला समांतर, 150 ने ढकलतो. आत्याच्या हिशेबाने 350 झाले, कपाट पळायला हवं. प्रत्यक्षात बळं काटकोनात आहेत, म्हणून बेरीज 250. कपाट जेमतेम हलतं, आणि तेही काकांच्या दिशेपासून 37 अंश तिरकं. काका म्हणतात पोराने वाकडं ढकललं, पोरगा म्हणतो काकांनी वाकडं ओढलं. दोघंही सरळच होते हो!

हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. 1 सेंटिमीटर म्हणजे 50 न्यूटन धरा. काकांचा बाण 4 सेंटिमीटरचा. त्याच्या टोकाला पुतण्याच्या बाणाची शेपटी ठेवून 3 सेंटिमीटरचा दुसरा बाण काढा. आता पहिल्या शेपटीपासून शेवटच्या टोकापर्यंत रेघ मारा: 5 सेंटिमीटर, म्हणजे 250 न्यूटन. आधी काका घ्या की आधी पुतण्या, उत्तर तेच. मानपानाचा प्रश्न इथे येत नाही.

घोटाळा होतो तो दोन्ही शेपट्या एकत्र ठेवून टोकं जोडली की. ती बेरीज नव्हे, वजाबाकी. त्यातून काटकोनात तीही लांबी नेमकी 5 सेंटिमीटर भरते, त्यामुळे आकडा बरोबर, दिशा चूक, आणि पट्टीने मोजणाऱ्याला पत्ताच लागत नाही. कोन 60 अंशांचा करून बघा: खरी बेरीज सुमारे 304, टोकं जोडणाऱ्याची 180. चोरी उघडी.

हे 304 आले कुठून? माणसं वाढली की बाण काढत बसण्यापेक्षा घटक पाडणं सोयीचं. काकांची दिशा क्ष अक्ष धरा. त्यांचे 200 सगळे क्ष वर. 60 अंशांवरच्या पुतण्याचा क्ष घटक 150 कोज्या (cos) 60, म्हणजे 75. य घटक 150 ज्या (sin) 60, म्हणजे 130. क्ष ची बेरीज 275, य ची 130. वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. दिशेसाठी 130 भागिले 275 ची उलट स्पर्शज्या (tan⁻¹): 25 अंश.

इथे कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोनाच्या दुसऱ्या एककावर, राहिला असेल, तर 150 ज्या 60 चं उत्तर उणे 45.7 येतं. म्हणजे मनापासून पुढे ढकलणारा पुतण्या कागदावर कपाट मागे रेटत असतो. उणे चिन्ह दिसल्यावर पुतण्याला झापण्याआधी कॅल्क्युलेटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात अंश आहेत की रेडियन, ते बघावं.

एक गोष्ट मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. ही बेरीज कपाट कुठे सरकेल ते सांगते, गिरकी घेईल का ते नाही. बळं वेगवेगळ्या जागी लागली की कपाट फिरतं, आणि कपाटाचा पाय दाराच्या चौकटीत अडकतो तो त्यामुळेच.

मग शेजारचे एक जण मदतीला येतात. तिघेही आता 200 न्यूटनने भिडतात, पण एकमेकांशी 120 अंश करून. बेरीज बरोब्बर शून्य. तिघांना घाम फुटतो, कपाट ढिम्म, घर्षणालाही काही करावं लागत नाही.

“जोर लावा म्हटलं ना!” दारातून आवाज येतो.