क्रूझ कंट्रोल पुन्हा सुटलं!

लांबचा सरळ रस्ता, वेग 80 वर लावलेला, पाय जरा मोकळा केला की क्रूझ कंट्रोल (ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग राखणारी सोय) आपोआप बंद! पुन्हा बटण दाबायचं, थोडा वेळ चालतं, पुन्हा तेच. नुसता वैताग आलाय.

गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: "स्कॅनरवर काही एरर नाही, सगळं ठीक आहे." अहो, उभ्या गाडीत दोष दिसणार कसा? ठरावीक वेगाखाली क्रूझ लागतच नाही! गाडी रस्त्यावर काढा, स्कॅनर लावलेला ठेवा आणि ब्रेक स्विचचा सिग्नल बघत राहा. पेडलच्या वर असतो तो. झिजला किंवा जागेवरून थोडा सरकला की साध्या हादऱ्यानेही ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) वाटतं ब्रेक दाबला, आणि तो क्रूझ सोडतो. ईसीयूचं काही चुकत नाही, सुरक्षेसाठी त्याने तसंच करायला हवं. मॅन्युअल गाडीत क्लचलाही असा स्विच असतो. स्टीअरिंगवरची बटणं आणि हॉर्न दोन्ही मधूनच बंद पडत असतील, तर आतली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगवरच्या बटणांना वायरिंगशी जोडणारी गुंडाळलेली पट्टी) बघावी.

यातलं काहीही न तपासता थेट "मॉड्यूल (कंट्रोल युनिट) बदला" म्हणतात, याचा संताप येतो. वर ऐकवतात, "क्रूझशिवायही गाडी चालतेच की!" चालते हो, पण बहुतेक गाड्यांत त्याच स्विचवर मागचे ब्रेक लाइट पेटतात. ते वेळेवर लागतायत की नाही, हे तरी बघाल का?