खापर मात्र हेल्मिनाच्या डोक्यावर

काल रात्री भांडी घासताना जर्मन संगीतकार वेबरच्या 'ऑयरियांथे' या ऑपेराचं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत, लावलं आणि परत डोकं फिरलं. हा ऑपेरा १८२३ मधे व्हिएन्नात आला, फार चालला नाही, लोकांनी नावावर कोटी करून त्याला 'ऑन्युयांत' म्हणजे कंटाळवाणा करून टाकलं, आणि तेव्हापासून सगळे तेच सांगतात, म्युझिक भारी पण लिब्रेटो, म्हणजे ऑपेराची गोष्ट आणि शब्द, टुकार, ते लिहिणाऱ्या हेल्मिना फॉन शेझीनं वाट लावली.

आता गोष्ट गंडलेली आहे हे मलाही मान्य. थडग्यातली अंगठी चोरायची, ती दरबारात दाखवून हिरॉईनच्या चारित्र्यावर चिखल उडवायचा, आणि ही हिरॉईन धड काही बोलतच नाही! पण वेबरनं हेल्मिनाकडून तेच टेक्स्ट कितीदा तरी बदलून घेतलं, स्वतःही त्यात हात घातला, मग पाप एकटीचं कसं?

आणि बाई साधी नव्हती हो. बर्लिनची, जन्म १७८३, आजी ॲना लुईझा कार्श त्या काळची गाजलेली कवयित्री. सोळाव्या वर्षी लग्न, ते लगेच मोडलं, मग थेट पॅरिस, तिथे पत्रकारिता. दुसरा नवरा कोण, तर आंत्वान-लेओनार शेझी, संस्कृत आपलं आपण शिकलेला, पुढे फ्रान्समधला पहिला संस्कृत प्रोफेसर, ज्यानं शाकुंतल फ्रेंचमधे आणलं! म्हणजे नवऱ्याकडे दुष्यंताची अंगठी आणि बायकोकडे थडग्यातली. असो, १८१० मधे दोघं वेगळे झाले आणि ही दोन मुलं घेऊन लेखणीवर जगली.

मला सगळ्यात आवडतो तो हॉस्पिटलचा किस्सा. नेपोलियनची युद्धं संपत आलेली, ही ऱ्हाईनकडे जखमी सैनिकांची शुश्रूषा करत होती, तिथली हेळसांड बघून गप्प बसली नाही, वरपर्यंत तक्रार केली, तर हिच्यावरच बदनामीचा खटला. बर्लिनच्या कोर्टात जज कोण होता माहितीये? ई. टी. ए. हॉफमन, तोच तो अद्भुत कथावाला. सुटली निर्दोष.

हे कोणी सांगत नाही, अंगठीवर मात्र सगळे हसतात.

'ऑयरियांथे'च्याच वर्षी, १८२३ च्या डिसेंबरात, तिचं 'रोझामुंडे' नाटक आलं, दोन प्रयोगांत बंद. संगीतकार शूबर्टनं त्याला दिलेलं संगीत अजून वाजतं. भांडी होईपर्यंत ओव्हर्चर कधीच संपलं होतं, मग 'रोझामुंडे'तलं पौर्णिमेच्या चंद्राचं गाणं, 'रोमान्स', लावलं. शब्द हेल्मिनाचेच आहेत, दोनदा ऐकलं.