शेतातलं एकटं चर्च आणि प्लेगची दंतकथा

इंग्लंडच्या खेड्यांतून भटकून आलेल्यांकडून एक मजकूर हमखास फिरत येतो: शेतात एकटं चर्च दिसलं की समजावं, इथलं गाव १३४८-४९च्या प्लेगमध्ये मेलं, उरलेले शापित जागा सोडून पळाले, भोवतालचे उंचवटे म्हणजे प्लेगच्या कबरी. सोबत फोटो बहुधा यॉर्कशरमधल्या वॉरम पर्सीच्या बिनछपराच्या चर्चचा.

मग वॉरम पर्सीपासूनच सुरुवात करू. १९५०च्या दशकापासून १९९०पर्यंत दर उन्हाळ्यात तिथं उत्खनन झालं. प्लेगने माणसं मेली, पण गाव उठलं नाही. पुढं दीडशे वर्षं ते नांदत होतं. शेवटची कुटुंबं १५००च्या सुमारास जमीनदाराने बाहेर काढली, घरं पाडली आणि तिथं मेंढ्या सोडल्या. चर्च तर १९४९पर्यंत वापरात होतं, कारण त्या पॅरिशमधली (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली) आसपासची गावं जिवंत होती. प्लेगने सगळं संपलं असतं, तर सहाशे वर्षं तिथं प्रार्थनेला कोण येत होतं?

उंचवट्यांबद्दल फार बोलायला नको. ती घरांची जोती आणि परड्यांचे बांध आहेत, मधली खोलगट पट्टी म्हणजे गावाचा जुना रस्ता. शिवारातल्या कुरणांखाली अजूनही नांगरलेल्या जमिनीच्या लांबच लांब सऱ्या-वरंबे दिसतात. ज्वारीच्या रानात हिंडलेल्या माणसाला ते कबरी वाटू नयेत.

खरा मुद्दा मेंढ्यांचा आहे. प्लेगने मजूर घटले, मजुरी वाढली. धान्यापेक्षा लोकरीत पैसा दिसू लागला. जिथं अख्खं गाव राबत होतं, तिथं एक मेंढपाळ आणि कुत्रा पुरे. म्हणजे प्लेगचा हात आहे, पण आडून. आणि त्या काळच्या लोकांना दोषी कोण ते पक्कं ठाऊक होतं: वॉरिकच्या जॉन राउस या इतिहासकाराने १५व्या शतकाच्या अखेरीस आपल्या भागातल्या उजाड गावांची यादीच केली आणि मेंढ्यांसाठी शेतांना कुंपणं घालणाऱ्या जमीनदारांना धारेवर धरलं. १४८९मध्ये गावं पाडण्याविरुद्ध कायदा झाला, १५१७मध्ये राजाचा मंत्री कार्डिनल वूल्झीने चौकशी आयोग नेमले. रोगाविरुद्ध कुणी असे कायदे करत नाही.

'चर्च मागे राहिलं, गाव पळालं' हेही सरसकट खरं नाही. नॉरफोकमध्ये अनेक ठिकाणी लोक प्लेगच्या कितीतरी आधीच गायरानांच्या कडेला जाऊन वसले, चर्च जागेवर राहिलं. काही ठिकाणी चर्चभोवती गाव कधी नव्हतंच. मालकाने आपल्या वाड्याशेजारी ते बांधलं, कुळांची घरं शिवारभर विखुरलेली. आणि काही गावं तर निव्वळ जमीनदाराच्या नजरेला खुपली म्हणून हलवली: १७२०च्या दशकात रॉबर्ट वॉल्पोलने हॉटन, १७६०च्या दशकात लॉर्ड हार्कोर्टने न्यूनम कोर्टनी, १७८०च्या सुमारास जोसेफ डेमरने मिल्टन ॲबस. बागेत नुसती हिरवळ हवी होती, झोपड्या नकोत. हॉटनचं चर्च अजून त्या बागेत आहे.

डर्बीशरमधलं ईम तर १६६५-६६च्या प्लेगसाठीच प्रसिद्ध. गावाने स्वतःला कोंडून घेतलं, शेकडो मेले. आज तिथं लोक राहतात.

प्लेगनेच संपलेली गावं आहेत, थोडी. ऑक्सफर्डशरमधलं टिल्गार्सली १३५० पासून ओस पडलं, कर वसूल करणाऱ्यांनीच तसं नोंदवलं. पण ते एन्शमच्या पॅरिशमधलं, पॅरिशचं चर्च एन्शमला. त्यामुळे ते अशा फोटोंत कधी येत नाही.